कितव्या येताची जर्सी?

गेल्या दिवाळीला कोरेगाव तालुक्यात बहिणीकडे गेलो होतो. धारा काढून दाजी बादली घेऊन गोठ्यातून येत होते, तेवढ्यात भाचा त्यांना आडवा आला.

"आप्पा, पैसे पायजेत. जर्सी घ्यायची हाय."

दाजींनी बादली खाली ठेवली. "कितव्या येताची?" म्हणजे गाय कितव्यांदा व्यालेली.

"आं?"

"दूध किती देती? आन् मागतोय किती त्यो?"

"साडेतीनशे."

"साडेतीनशेत जरशी? येड्या, तेवढ्यात धड दावं येत न्हाई."

"आवं, कबड्डीची! मंडळाची! पाठीवर नंबर आसतुय ती!"

ओसरीवर घोंगड्यावर बसलेले तात्या, म्हणजे दाजींचे वडील, हे सगळं ऐकत होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेला माणूस. ते शांतपणे म्हणाले, "माझी हाय की ट्रंकंत. घाल तीच." तात्यांची जर्सी म्हणजे फौजेतला हिरवट लोकरी स्वेटर, खांद्यावर आणि कोपरावर कापडाचे तुकडे शिवलेला. बंदुकीच्या आणि पिशवीच्या पट्ट्यानं खांदे आणि टेकून टेकून कोपरं झिजू नयेत म्हणून ते तुकडे. तो घालून कबड्डी खेळायची म्हणजे चढाईआधीच घेरी यायची.

माझं साताऱ्यात रेडिमेडचं छोटं दुकान आहे. 'जर्सी' हा शब्द दिवसातून दहादा तरी तोंडात येतो. पण एकाच घरात, एका मिनिटात तो तीन माणसांनी तीन अर्थांनी वापरलेला ऐकला आणि डोक्यात किडा शिरला. गाय आणि गंजीफ्रॉक यांना एकच नाव कसं? शोधत गेलो तेव्हा कळलं की अर्थ तीनवर थांबतच नाहीत. साताऱ्यातून पुण्याला जाताना महामार्गाच्या कडेला चौथी जर्सी उभी असते, तिच्याकडे शेवटी येऊ.

जर्सी हे मुळात एका बेटाचं नाव. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रात, पण फ्रान्सच्या अगदी कुशीत, किनाऱ्यापासून जेमतेम २२ किलोमीटरवर हे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे १२० चौरस किलोमीटर. आपल्या सातारा जिल्ह्यात अशी ऐंशीहून जास्त बेटं सहज मावतील. मालकी इंग्लंडच्या राजाकडे, तरी ते युनायटेड किंग्डमचा भाग नाही. त्यांची विधानसभा वेगळी, कायदे वेगळे. नावातलं शेवटचं 'ई' हे जुन्या नॉर्स भाषेतलं, म्हणजे उत्तरेकडून जहाजांनी आलेल्या व्हायकिंग लोकांचं. त्याचा अर्थच 'बेट'. शेजारच्या गर्न्सी आणि ऑल्डर्नी या बेटांनाही हीच शेपटी आहे. तेव्हा 'जर्सी बेट' म्हणणं म्हणजे 'गाईचं गोमूत्र' म्हणण्यापैकी आहे, पण चालतं.

या बेटावरच्या लोकांचा एक उद्योग युरोपभर गाजला, तो म्हणजे सुयांवर लोकरीचे मोजे विणण्याचा. सोळाव्या शतकात पुरुषमंडळी गुडघ्यापर्यंत तुमान घालत आणि त्याखाली लांब मोजे, त्यामुळे मोजा ही मिरवायची वस्तू होती. स्कॉटलंडच्या राणी मेरीचा १५८७ मध्ये शिरच्छेद झाला. त्या दिवशी तिनं काय काय घातलं होतं याचं बारकाईनं केलेलं वर्णन आहे आणि त्यात जर्सीच्या पांढऱ्या मोज्यांचीही नोंद आहे. मरायला जातानाही राणीच्या पायात जर्सीचा माल! आजच्या भाषेत याला ब्रँड म्हणतात.

विणकामात पैसा इतका सुटायचा की शेतावर जायला कोणी तयार होईना. बाया विणतायत, पुरुष विणतायत, पोरं विणतायत. शेवटी १६०८ मध्ये बेटाच्या सभेनं कायदाच केला, की सुगीच्या दिवसांत आणि समुद्रातलं शेवाळ गोळा करायच्या दिवसांत पंधरा वर्षांवरच्या कोणीही विणकाम करायचं नाही. शेवाळ हे त्यांचं खत होतं, आपल्या शेणखतासारखं. ऐन ज्वारीच्या काढणीत गडी मिळत नाही म्हणून करवादणारे दाजी मला हे वाचताना आठवले. त्यांच्या हातात असतं तर त्यांनीही मोबाइलवर असाच कायदा केला असता.

तर, व्यापारी बेटावरून माल आणत आणि तो 'जर्सीचा' म्हणून विकत. पुढं 'चा' गळाला आणि ती लोकर, ते विणलेलं कापड यालाच जर्सी म्हणू लागले. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. आपण कोल्हापूरची चप्पल म्हणतो का? 'कोल्हापुरी' म्हणतो आणि चप्पल हा शब्द खाऊन टाकतो. पैठणचं लुगडं 'पैठणी' झालं. फरक इतकाच की आपण गावाला निदान एक 'ई' चिकटवून त्याचं विशेषण करतो, इंग्रज लोक गावाचं नाव आहे तसंच उचलून अंगात घालतात. आपलं 'इरकल' मात्र याला अपवाद म्हणायचं. कर्नाटकातल्या इलकल गावाचं लुगडं, पण साताऱ्याची म्हातारी "इरकल नेसले" म्हणते, तेव्हा गावच्या गाव कमरेला गुंडाळलेलं असतं.

इंग्रजीत एक सोय आहे. बेटाचं नाव लिहिताना 'जे' मोठ्या लिपीतला, कपड्याचं लिहिताना छोट्या लिपीतला. म्हणजे डोळ्याला कळतं की हे विशेषनाम आणि हे सामान्यनाम. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतं. पण आमच्या भागातल्या जिभेनं ही उणीव परस्पर भरून काढलीय. गोठ्यात असते ती 'जरशी' आणि मैदानावर असते ती 'जर्सी'. भाच्यानं स्पष्ट 'जर्सी' म्हटलं होतं, ऐकणाऱ्याचे कान मात्र गोठ्यातून नुकतेच बाहेर आले होते.

आता खरी गंमत. जर्सी म्हणजे नेमका कसला कपडा? तात्यांची जाड लोकरीची, भाच्याची पातळ पॉलिएस्टरची. एकीला लांब बाह्या, दुसरीला अर्ध्या. एक थंडीत घालायची, दुसरी घाम काढायला. दोन्ही जर्सी कशा? उत्तर रंगात, आकारात, धाग्यात शोधून मिळत नाही. ते विणीत आहे.

मराठीत 'विणणे' या एका क्रियापदानं घोळ केलाय. घोंगडं विणतात आणि स्वेटरही विणतात, बाज आणि टोपलीसुद्धा विणतात. इंग्रजीत मागावरच्या विणकामाला एक शब्द आणि सुयांवरच्या विणकामाला दुसरा, कारण ही दोन कामं मुळातच वेगळी आहेत.

तात्या बसले होते ते घोंगडं डोळ्यांसमोर आणा. माण-खटावकडं विणतात तसलं, मेंढीच्या काळ्या लोकरीचं. आधी उभे धागे मागावर ताणून बांधतात, त्यांना चिंचोक्याची खळ लावून ताठ करतात, आणि मग धोट्यानं आडवा धागा एकावरून एकाखालून असा नेतात. उभे वेगळे, आडवे वेगळे, दोघांची काटकोनात गाठ. असं कापड धरून ओढलं तर ते हलत नाही. घोंगड्याची खोळ करून पावसात डोक्यावर घेता येते, त्यात धान्य बांधून आणता येतं. विट्याच्या यंत्रमागावरचं कापड असो नाहीतर तुमचा ऑफिसचा शर्ट, जात हीच.

सुयांवर तसं नसतं. तिथं उभा-आडवा भेदच नाही. एकच धागा असतो, त्याचा एक फास करायचा, त्या फासातून पुढचा फास ओढायचा, त्यातून त्याच्या पुढचा. बायका ज्याला टाका म्हणतात तो हाच. "ऐंशी टाके घाल, एक ओळ सुलट, एक ओळ उलट." अख्खा स्वेटर म्हणजे एका धाग्याचे एकमेकांत अडकलेले हजारो फास. ओढलं की प्रत्येक फास थोडा थोडा पसरतो, सोडलं की परत गोळा होतो. म्हणून ते कापड ताणतं आणि अंगाला बसतं. पायाचा मोजा म्हणूनच मागावर नीट होत नाही. पोटरी जाड, घोटा बारीक, टाच वाकडी. तिथं फासच हवेत.

विश्वास बसत नसेल तर अंगातला टी-शर्ट काढा. खरंच काढा, लेख पळून जात नाही. कापड डोळ्याजवळ न्या. बाहेरच्या बाजूला बारीक उभ्या ओळी दिसतील, गव्हाच्या ओंबीसारख्या, एकात एक बसलेल्या टोकदार कण्यांच्या. आता उलटी बाजू बघा. तिथं आडव्या ओळी, मंगलोरी कौलांसारख्या. समोर सुलट, मागं उलट. या विणीलाच कापडाच्या धंद्यात 'सिंगल जर्सी' म्हणतात. तिरुपूरचा व्यापारी मला माल दाखवताना "सिंगल जर्सी, एकशे ऐंशी जीएसएम" (म्हणजे चौरस मीटरला एकशे ऐंशी ग्रॅम वजनाचं) असंच म्हणतो, आणि त्याला बहुतेक त्या बेटाचा पत्ताही नसतो. हे कापड कात्रीनं कापलं की त्याची कड आपोआप वळते, वाळल्या पानासारखी. दोन्ही बाजूंच्या फासांचा ताण सारखा नसतो म्हणून तसं होतं. नवा शिंपी यानं फार वैतागतो. आणि एक फास तुटला की वरून खालपर्यंत शिडी लागते, हे तर मोजे घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तात्यांचा स्वेटर, भाच्याचं पॉलिएस्टर आणि राणी मेरीचा मोजा हे तिन्ही फासाचेच. बेट सुटलं, लोकर सुटली, सुया जाऊन यंत्रं आली. विल्यम ली नावाच्या इंग्रजानं तर १५८९ मध्येच मोजे विणायचं यंत्र बनवलं होतं. पण वीण तीच राहिली, आणि तिच्या पाठीवर बसून नाव इथवर आलं.

मोज्याचा सदरा कधी झाला? बेटावरचे आणि आजूबाजूचे कोळी, खलाशी अंगात घट्ट विणीचे लोकरी सदरे घालत. बटण नाही, खिसा नाही. जाळ्यात अडकेल असं काही ठेवायचंच नाही. समुद्राचे तुषार बसले तरी पाणी चटकन आत जात नाही. एकोणिसाव्या शतकात, १८३० च्या दशकापासून, या अंगाबरोबर सदऱ्याला इंग्रजीत 'जर्सी' म्हटलेलं सापडतं. थोडक्यात, पायातला शब्द दोनअडीचशे वर्षांत वर चढून छातीवर आला.

असाच चढलेला आणखी एक शब्द माझ्या दुकानाच्या पाटीवर आहे, 'होजिअरी'. मूळ 'होज' म्हणजे मोजे. आपल्याकडं होजिअरी म्हणजे बनियन-चड्डी, मोजे शेवटी राहिले तर राहिले. बनियनची कथा उलटी. हा शब्द आपल्या 'वाण्या'वरून गुजरातीतून पोर्तुगिजांकडं आणि तिथून इंग्रजांकडं गेला. तिकडं घरात घालायच्या ढगळ झग्याला ते 'बनियन' म्हणू लागले, आणि फिरून आपल्याकडं आला तो गंजीफ्रॉक होऊन. त्यांनी आपला वाणी अंगात घातला, आपण त्यांचं बेट.

खेळाडूंनी जर्सी उचलली ती ताणण्याच्या गुणामुळंच. धावताना, पकडताना शर्ट उसवतो, जर्सी ताणते. रग्बी, फुटबॉल, सायकल, सगळीकडं ती गेली. फ्रान्सच्या मोठ्या सायकल शर्यतीत आघाडीवरच्याला पिवळी जर्सी द्यायला १९१९ मध्ये सुरुवात झाली. ती शर्यत भरवणारं वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर निघायचं. क्रिकेट याबाबतीत सोवळं. सांगलीत १९१५ मध्ये जन्मलेले विजय हजारे, ज्यांच्या कप्तानीखाली भारतानं १९५२ मध्ये पहिली कसोटी जिंकली, ते पांढऱ्या कपड्यांत खेळले, पाठ कोरी ठेवून. कसोटीत पाठीवर नाव-नंबर आले ते २०१९ मध्ये. आज सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाचा १८ नंबर पोरींना पाठ आहे. माझ्याकडं गिऱ्हाईक "स्मृतीची अठरा द्या" एवढंच म्हणतं, जर्सी हा शब्दसुद्धा आता गळायच्या बेतात आहे.

फॅशनवाल्यांची कथा दोन वाक्यांत उरकतो. जर्सी बेटावर १८५३ मध्ये जन्मलेली लिली लँगट्री ही नटी लंडनमध्ये गाजली आणि तिच्यामुळं बायकांतही अंगाबरोबर जर्सीची लाट आली. पुढं १९१० च्या दशकात कोको शनेल या फ्रेंच बाईनं, पुरुषांच्या आतल्या कपड्यांना वापरायचं हे कापड घेऊन श्रीमंत बायकांचे पोशाख शिवले.

आता गोठ्यात जाऊ, दाजी ताटकळलेत.

मराठीत 'वीण' कापडाची असते तशी जनावराचीही असते. पक्ष्यांचा विणीचा हंगाम म्हणतो ना, ती. जर्सी हे नाव या दोन्ही विणींवर बसलंय, आणि हा योग इंग्रजीत नाही, फक्त आपल्याकडं जुळून आलाय. गाईला ते नाव बेटावरूनच मिळालं. इंग्लंडमध्ये आधी त्या सगळ्या बेटांवरच्या गाईंना सरसकट 'ऑल्डर्नी' म्हणत. जर्सी हे वेगळं नाव १८४० च्या सुमारास रुळलं. बांधा लहान, रंग हरणासारखा, नाकपुडी काळी आणि तिच्याभोवती पांढरं कडं, कपाळ मधोमध जरा खोल. दूध एचएफपेक्षा, म्हणजे त्या काळ्यापांढऱ्या होल्स्टीन-फ्रिजियन गाईपेक्षा, कमी पण दाट. एचएफच्या दुधाला साडेतीनच्या आसपास फॅट लागते, जर्सीच्या दुधाला पाचच्या आसपास. डेअरीत पैसे फॅटवर मिळतात, त्यामुळं दाजींचा जीव जरशीवर. शिवाय ऊन तिला एचएफपेक्षा बरं सोसतं.

बेटवाल्यांनी ही वीण किती जपली म्हणता? १७८९ मध्ये कायदा करून बाहेरचं जनावर बेटावर आणायलाच बंदी घातली. परक्या वळूची रेतमात्रा आणायला परवानगी दिली ती २००८ मध्ये, म्हणजे दोनशेहून जास्त वर्षांनी. आणि आपल्याकडं काय झालं? उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था काढली, सरकारी दवाखान्यांनीही काम केलं, आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवलेल्या वळूच्या रेताच्या कांड्या गावोगाव फिरू लागल्या. गावठी गाईला जर्सीची कांडी भरायची, कालवडीला परत भरायची. ज्यांनी घरच्या गोठ्यात खोंड-कालवडी जन्मताना पाहिल्या त्यांना हे सांगायला नको. जिकडं एकही परकी गाय नको होती, तिकडचीच गाय आमच्याकडं सगळ्यांची सोयरी झाली. दाजींच्या दावणीला असते ती बहुतेक संकरितच, पण नाव जरशी. तात्यांना अजून खिलारच गाय वाटते. "जरशीला वशिंड न्हाई, तिला गाय कशी म्हणायची?" हा त्यांचा जुना प्रश्न, आणि फॅटचा हिशोब त्यावर उत्तर होत नाही.

राहिली चौथी जर्सी. सतराव्या शतकात जर्सीत जन्मलेला जॉर्ज कार्टरेट हा सरदार इंग्लंडच्या राजघराण्याच्या पडत्या काळात त्यांच्या पाठीशी उभा राहिला. त्याची बक्षिसी म्हणून १६६४ मध्ये त्याला आणि आणखी एकाला अमेरिकेत मोठा मुलूख मिळाला, त्याचं नाव न्यू जर्सी. १९५० च्या दशकात तिथल्या रस्तेखात्यानं दोन दिशांच्या गाड्या एकमेकांवर जाऊ नयेत म्हणून काँक्रीटची बुटकी भिंत उभी केली. बुडाशी रुंद, वर निमुळती. घसरलेलं चाक तिच्या उतारावर थोडं चढतं आणि गाडी पुन्हा आपल्या वाटेला वळते. तिला जगभर 'जर्सी बॅरियर' म्हणतात. पुणे-बंगळूर महामार्गावर काम सुरू असलं की रंगवलेले ते करडे ठोकळे ओळीनं मांडलेले दिसतात. आम्ही त्याला डिव्हायडर म्हणून मोकळे होतो.

माणसांची नावंही अशीच कपड्यांत शिरलीत. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियाच्या युद्धातला लॉर्ड कार्डिगन म्हणजे पुढून बटणं असलेला स्वेटर, आणि त्याच युद्धातलं बालाक्लावा गाव म्हणजे आपली माकडटोपी. 'स्वेटर' हा शब्द मात्र इमानदार, घाम आणणारा तो स्वेटर, इतकाच अर्थ.

हे सगळं मी पुढच्या खेपेला बहिणीकडं ओसरीवर सांगितलं. तात्यांनी ट्रंकेतली जर्सी मागवली, उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली आणि "कौलं हायत खरी" म्हणाले. तेवढ्यात भाचा मंडळाची नवी जर्सी घालून आला. निळी, पाठीवर सात नंबर. छातीवर गावच्या दूध संस्थेचं नाव, कारण पैसे निम्मे त्यांनी दिलेले, आणि नावाच्या वर छापलेलं गाईचं तोंड.

दाजींनी त्याला जवळ बोलावलं. चष्मा वर केला, छातीवरचं चित्र नीट बघितलं.

"आरं," ते म्हणाले, "ही तर एचएफ हाय."